तिसरा पेड

“मागं बघू नकोस. मागं मी आहे.”

आप्पांचं, तिच्या वडिलांचं, हे बोलणं थोरलीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. कमरेभोवती वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, पुंजका गुंडाळलेला, मुठीतून सुटणारा पेड समोरच्या चाकाला अडकवलेला, चाकाशी आई बसलेली आणि पोर उलट्या पावलांनी मागे मागे सरकतेय. दोर वळणारा माणूस जन्मभर असाच उलटा चालतो. जे वळून झालं ते डोळ्यांसमोर, जिथे जायचं ते पाठीशी. पोर दर दोन पावलांना मान वळवायची. मान वळली की मूठ ढिली पडायची, मूठ ढिली पडली की पेडाला गाठ यायची आणि आई चाक थांबवून कपाळाला हात लावायची. शेवटी आप्पा हातातलं काम टाकून वाटेच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले आणि तिथून त्यांनी हाक दिली. त्या दिवशी ती आप्पांच्या गुडघ्यांना पाठ टेकेपर्यंत चालत गेली, एकदाही न वळता.

थोरली हे काही तिचं खरं नाव नव्हे. पुढे धाकटी येईल या भरवशावर आईने तिला थोरली म्हणायला सुरुवात केली. धाकटी आलीच नाही आणि नाव तसंच राहिलं, पाहुण्यासाठी वाढून ठेवलेल्या ताटासारखं.

आता ती स्वतः दोन लेकरांची आई होती आणि पाठीशी कुणी नव्हतं.

घरामागे दोरवाट होती. लांबच लांब, सरळ, पिढ्यांच्या टाचांनी घासून गुळगुळीत झालेली जमिनीची पट्टी. आप्पांच्या आजोबांनी ती नदी मोजून आखली असं घरात सांगायचे. नदी जेवढी रुंद तेवढी वाट, वर दोन्ही काठांना बांधायला आणि पीळ बसताना आखडायला लागेल तेवढी जास्तीची. म्हणजे नदीच जणू कुणी उचलून घरामागे कोरडी अंथरून ठेवली होती. दरसाल पूर ओसरला की या कोरड्या नदीवर नावेचा दोर वळला जायचा आणि मग तो ओल्या नदीवर ताणला जायचा. त्या दोराला धरून नावाडी नाव ओढून नेई. बाजार, शाळा, दवाखाना सगळं पलीकडच्या काठावर. अलीकडे नुसती घरं आणि शेतं.

यंदा पूर ओसरला, आईने आणि आप्पांनी तिनांतले दोन पेड वळले, पिवळेधमक दोन पेड खुंट्यांवर चढले आणि आईला ताप भरला. पावसाळाभर ती खोकतच होती. ताप काही उतरला नाही. आई गेल्यावर आप्पा रोज सकाळी चाकाशी जाऊन बसायचे, चाकाकडे बघायचे आणि उठून यायचे. त्यांना दुखत-खुपत काही नव्हतं. एका सकाळी उठायचंच राहून गेलं.

माणसाला माती द्यायची जागाही पलीकडच्याच काठावर होती. आधी आईला नावेत घालून नेलं, मग आप्पांना. दोन्ही वेळा थोरलीचा धाकटा, नुकताच स्पष्ट बोलायला लागलेला, शेजारणीच्या कडेवरून बघत होता. नाव गेली. नाव आली. नावेत आई होती, बाबा होते, नावाडी होता. आजी नव्हती. दुसऱ्या वेळी आजोबाही नव्हते. आणि आप्पांना पोचवून आल्या पावली नावाड्याने पुराने पिंजून काढलेला जुना दोर खांबावरून सोडला. म्हणाला, “हा आता जीव घेईल कुणाचा तरी. नवा होईपर्यंत नाव बंद.”

या पोराला सगळे मुंगळा म्हणायचे. एकदा चिकटला की सुटायचा नाही म्हणून. तो त्या दिवसापासून काठाला चिकटला. जेवायला येईना, झोपायला येईना. आजीला तिकडे का ठेवलं, आजोबा कधी येणार, एकच जप. थोरलीच्या अंगात तेव्हा उभं राहायचंही बळ नव्हतं. तोंडातून निघून गेलं, “नाव बंद आहे ना रे राजा? दोर झाला की येतील.”

पोर उठलं, घरी आलं, भरपेट जेवलं.

हे सगळं घडलं ते त्या एका वाक्याने. आता ते वाक्य घरात पाचव्या माणसासारखं राहत होतं.

*

“काय गं थोरले, दोर वळतेयस की वेणी घालतेयस?”

नावाडी कुंपणापाशी उभा होता. गडी म्हातारा पण तिखट. दोर ओढून ओढून त्याचे खांदे पुढे झुकलेले, तळहात बैलाच्या खुरासारखे झालेले.

“वाख ओला होता काका. वाळायला घातलाय.”

“वाख ओला आणि माझी नाव कोरडी. चिखलात बसून बसून तिला पाय फुटायची वेळ आली. लोक लांबच्या पुलावरून वळसा घालतायत, आणि शिव्या मला. तुझ्या बापाने आजवर पूर ओसरल्यावर मला असं ताटकळत ठेवलं नव्हतं.”

थोरली फणीवर वाख ओढत होती. फणी म्हणजे लाकडात ठोकलेले लोखंडी दात. त्यातून वाखाची बट ओढली की भुसा खाली पडतो आणि धागे सरळ, चमकदार होऊन हातात येतात. तिने मान वर केली नाही. बापाचं नाव काढलं की तिचा हात दातांवर घसरायचा. बोटं आधीच फाटलेली.

तेवढ्यात मुंगळा धावत आला. केस ओले करून चापून बसवलेले. त्याने नावाड्याचं धोतर धरलं.

“काका, दोर झाला की पहिल्या खेपेला आधी माझ्या आजीला घ्या हं. तिला फार वेळ उभं राहवत नाही. आजोबा मागून आले तरी चालतील. ते थांबतात.”

नावाड्याचं तोंड उघडं राहिलं. तोंडातली पुढची तिखट गोष्ट कुठल्या कुठे गेली. त्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिथून उचलायचं त्याला सुचेना.

“घ्याल ना?”

“तू जा, तिकडे खुंटीवरचे पेड कुणी शेळी-बिळी खात नाही ना बघ.”

पोर उड्या मारत गेलं. नावाडी थोरलीजवळ उकिडवा बसला. आवाज खाली आणून म्हणाला, “काय सांगून ठेवलंस गं याला?”

तिने दुसरी बट दातांवर टाकली.

“माझ्याच नावेतून नेलं ना दोघांना? याच हातांनी दोर ओढला. आणि आता हे लेकरू मला सांगतंय, घेऊन या. मी कुठून आणू?”

“सांगेन मी.”

“कधी?”

“दोर होऊ दे काका.”

“दोर झाला की नाव सुटणार. नाव सुटली की हा काठावर उभा राहणार. मग काय करशील?”

वाखाची बट दातांत अडकली. तिने ओढली, ती तुटली.

नावाडी गेल्यावर तिचा नवरा फणीशेजारी येऊन बसला. तो जातीचा गवंडी. लग्नानंतर याच घरात राहायला आला, तेव्हापासून भिंती बांधायचा, घमेली उचलायचा, पण दोराच्या कामात त्याचा हात फक्त भारे वाहण्यापुरता. बोलायला मोकळा माणूस, पण हल्ली घरात जपून बोलायचा.

“तुला सांगवत नसेल तर मी सांगतो त्याला.”

“नको.”

“अगं, किती दिवस हे—”

“तुम्ही सांगितलंत तर ते तुमच्या तोंडून खरं होईल. माझ्या तोंडून अजून एकदाही झालेलं नाही.”

गवंड्याने तिच्याकडे बघितलं. खरंच की. सगळ्या गावाने म्हटलं होतं, शेजारणींनी म्हटलं होतं, त्यानेही म्हटलं होतं. हिने ‘गेली’ असंही म्हटलं नव्हतं. विचारायला कुणी आलं की ती म्हणायची, “आई घरात नाही.”

*

वाख वाळला. तिसरा पेड वळायचा दिवस आला.

चाकाला आजवर आईखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. आई चाकाशी बसायची आणि गुणगुणायची:

“फिर गं माझ्या चाका, फिर गं सावकाश,
हातभर वाखाने बांधायचं आकाश.”

आता चाकाशी गवंडी बसला. पाटावर मावेना, म्हणून पाट काढून दगडावर बसला. दांडा मुठीत घेतला तर मुठीत दांडा दिसेनासा झाला.

“एवढंसं चाक,” तो म्हणाला, “मी फिरवलं तर उडून जाईल.”

“हळू फिरवा म्हणजे झालं.”

“विटा काही अशा लाजत नाहीत बुवा.”

मोठी मुलगी, चिमणी, बाजूला वाखाच्या बटा लावून देत होती. शाळा पलीकडे, त्यामुळे घरीच. तिला सगळं ठाऊक होतं. आजीच्या उशाशी तीच बसली होती. धाकट्याला तिने एका शब्दानेही सांगितलं नव्हतं, पण तो ‘आजी येणार’ म्हणाला की ती उठून दुसरीकडे जायची.

थोरलीने कमरेला वाख गुंडाळला, टोक आकड्याला अडकवलं, पहिलं पाऊल मागे टाकलं. गवंड्याने चाक फिरवलं. वाखाने पीळ धरला.

आणि दुसऱ्याच पावलाला तिच्या बोटांना कळलं.

आई डावखुरी होती. तिच्या हाताखाली चाक उगवतीकडून मावळतीकडे फिरायचं. या घराचा प्रत्येक दोर, दावं, कासरा त्याच अंगाने पिळलेला. गवंड्याने सरळ उजव्या हाताने दांडा धरला होता आणि चाक मावळतीकडून उगवतीकडे फिरत होतं. मुठीत पेड उलट्या अंगाने आवळत होता. इतकी वर्षं अंगठ्याच्या आतल्या बाजूला घासणारा पीळ आज बाहेरच्या बाजूला घासत होता. हे डोळ्यांना दिसत नाही. फक्त हाताला कळतं.

खुंटीवरच्या दोन पेडांशी हा पेड जमणार नव्हता. तिघांना एकत्र पिळायला घेतलं की ते दोन आवळणार आणि हा उलगडणार.

‘थांबा’ एवढंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं. समोर चाकापलीकडे मुंगळा उभा होता, नदीकडे बोट दाखवून चिमणीला काहीतरी सांगत होता. थोरलीने ओठ मिटले आणि पाऊल मागे टाकलं. मग आणखी एक. आणि अख्खी दोरवाट ती तशी चालली, नदीच्या रुंदीएवढी, मुठीतला खोटा पीळ घट्ट धरून.

“जमलं की!” गवंडी घाम पुसत म्हणाला. “म्हटलं नव्हतं?”

“जमलं,” ती म्हणाली.

*

तीन पेड एकत्र पिळायचा दिवस म्हणजे घरचं मोठं काम. वाटेच्या एका टोकाला चाकाचे तीन आकडे, तिथे तिन्ही पेडांची टोकं. दुसऱ्या टोकाला दगड भरलेली लाकडी घसरपाटी. तिच्यावर एकच आकडा, गरगर फिरणारा, त्यात तिन्ही टोकं एकत्र. या पाटीला घरात म्हैस म्हणायचे, कारण तिच्या मनात आल्याशिवाय ती हलत नसे. आणि पेडांच्या मध्ये धरायचा तीन खाचांचा लाकडी ठोकळा, आकारावरून त्याला पेरू म्हणायचे. प्रत्येक खाचेत एक पेड. पेरू धरून माणूस म्हशीकडून चाकाकडे चालू लागला की त्याच्या पुढे तीन पेड असतात आणि मागे एक दोर.

नावाडी मुद्दाम आला होता. त्याच्याबरोबर दोन-चार रिकामटेकडी माणसंही. नवा दोर होताना बघायला कुणाला आवडत नाही?

चाक फिरलं. थोरली पेरू धरून निघाली. खुंटीवरचे दोन पेड आवळले, तटतटले. तिसरा सैल पडला. त्यातून एक धागा सुटला, मग दहा, मग सगळा पेडच फुलून आला, पिसं फुगवलेल्या कोंबडीसारखा. आणि त्याचा भार न पेलून ते दोन जुने पेड एकमेकांवर चढले, वेटोळी घालू लागले.

“थांबव! थांबव चाक!” नावाडी ओरडला.

गवंडी बावरला. हात थांबता थांबेना. चिमणी धावली, तिने बापाच्या मनगटाला लोंबकळून चाक थांबवलं.

रिकामटेकड्यांपैकी एक जण हसला. “गवंड्याचा दोर! चुना लावायचा राहिला वाटतं.”

“याच्या भरवशावर लेकरं नेणार होतो मी,” नावाडी म्हणाला. तो ओरडला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. “पलीकडच्या गावात दुसरा दोरवाला आहे. त्याच्याकडून आणतो. तुझ्या आईबापाच्या नावाला—” त्याने वाक्य सोडून दिलं आणि माणसांना घेऊन निघाला.

मुंगळा उधळलेल्या पेडाकडे बघत होता. खालचा ओठ पुढे आला.

“म्हणजे आजीला अजून थांबावं लागणार?”

आणि थोरलीच्या छातीत काय झालं असेल? सुटल्यासारखं वाटलं. हो, सुटल्यासारखंच. अजून थोडे दिवस. आणि त्या सुटकेची तिला अशी लाज वाटली की ती खाली बसून सुटलेले धागे गोळा करू लागली.

गवंडी तिच्याजवळ आला. फुललेला पेड त्याने हातात घेतला, पिळून बघितला, खुंटीवरच्या पेडाशी लावून बघितला. भिंत ओळंब्यात आहे की नाही ते नजरेने ओळखणारा माणूस तो. त्याला आता दिसलं.

“चाक उलटं फिरवलं मी.”

तिने आणखी एक धागा उचलला.

“तुझ्या हातात होता हा सगळा. टोकापासून टोकापर्यंत. तुला कळलं नाही?”

ती जमिनीकडे बघत राहिली. गवंड्याने पेड खाली ठेवला.

“तुला कळलं होतं.”

तो चिडला नाही. पण उठून गेला, आणि संध्याकाळपर्यंत नावाड्याच्या दारात बसून राहिला. आला तो एवढंच म्हणाला, “चार दिवस थांबतो म्हणालाय. चूक माझी आहे असं सांगितलंय. आता ती चूक मला दुरुस्त करू दे.”

*

जुन्या दोन पेडांतली वेटोळी सोडवायला थोरली आणि चिमणी बसल्या. ओढून चालत नाही. एकेक वळसा उलटा फिरवायचा, श्वास धरून. बोटांखाली आईचा पीळ होता. किती एकसारखा! कुठे सैल नाही, कुठे कडक नाही. तापाची कणकण अंगात असताना फिरवलेलं चाक, तरी एका वळशाने हात चुकला नव्हता. आणि वाखाची जाडी आप्पांची. अंधारात हात फिरवला तरी कळावं की कुठे संपली एक बट आणि कुठे लागली दुसरी, असं काही नाहीच. थोरलीने जन्मभर असेच पेड हाताळले होते. आज तिला पहिल्यांदाच थक्क व्हायला झालं.

“आई,” चिमणी म्हणाली, “यातला एक धागा केवढा असतो गं?”

“हातभर.”

“मग या काठापासून त्या काठापर्यंत जाणारा एक पण नाही?”

“एक पण नाही.”

चिमणीने त्या पेडावरून बोट फिरवलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी मोठं होत गेलं. “मग दोर कसा काय जातो?”

थोरलीला उत्तर ठाऊक होतं. एक धागा संपायच्या आत दुसरा त्याच्या अंगाला लागतो, पीळ दोघांना धरतो. लहानपणी आप्पांनी सांगितलं होतं. पण आत्ता, लेकीच्या तोंडून ऐकताना, तो प्रश्नच तिला एवढा मोठा वाटला की उत्तर त्यात बुडून गेलं. नदी ओलांडणारं एवढं बळ, आणि त्यात नदी ओलांडू शकेल असं काहीही नाही. हातभर, हातभर, हातभर.

“जातो खरा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गवंडी पुन्हा चाकाशी बसला. डावा हात पुढे केला. तो हात आयुष्यात फक्त वीट धरण्यापुरता वापरलेला. चाक झटके देऊ लागलं.

“बाबा, असं नाही,” चिमणी म्हणाली. “आजी खांद्यातून फिरवायची. मनगट झोपलेलं असायचं.”

“मनगट झोपवू? आणि त्याला उठवायला कोण येणार?”

“मी येते.”

तिने आपला लहानसा हात त्याच्या हातावर ठेवला. आजीच्या मांडीवर बसून तिने असाच हात ठेवला असणार, कितीतरी दुपारी, कुणाच्या लक्षातही न येता. चाक अडखळलं, पुन्हा अडखळलं आणि मग एकाएकी सरळ चालू लागलं, तेल घातल्यासारखं. उगवतीकडून मावळतीकडे.

थोरलीने पहिलं पाऊल मागे टाकलं. पीळ अंगठ्याच्या आतल्या बाजूला येऊन बसला, जिथे त्याची जागा होती. मागे ऊन होतं, वारा होता, नदीचा वास होता. मान वळवावीशी वाटली. नाही वळवली. समोर चाक लहान होत चाललं होतं. चाकाशी नवरा, त्याच्या बगलेत लेक, दोघांच्या हातांतून निघून तिच्या पोटाशी येणारी ती सोन्यासारखी रेघ. जेवढी ती दूर जात होती तेवढी रेघ वाढत होती. माणसं दूर गेली की मधलं सगळं तुटतं असं तिला वाटत आलं होतं. इथे दूर जाण्यातूनच ते तयार होत होतं. ती रडत होती हे तिला टोकाला पोचल्यावर कळलं, कारण दोन्ही हात गुंतलेले आणि गाल पुसायला कुणी नव्हतं.

*

दोर पिळायच्या दिवशी म्हशीत दगड कमी पडले. गवंडी म्हणाला, “आपला मुंगळा बसवा वर. तो काही कमी जड नाही.”

नावाडी या वेळी एकटाच आला होता. तोंड बंद ठेवून, हात मागे बांधून उभा होता.

चाक फिरलं. थोरली पेरू धरून निघाली. पुढे तीन पेड, दोन जुने, एक नवा. मागे कुरकुर आवाज करत दोर जन्माला येत होता. तो बघायला तिला वळता येत नव्हतं. चाकाचा आवाज, पावलांचा आवाज, आणि दोर आवळताना निघणारा तो बारीक, जिवंत आवाज. आणि मग मागून पोराची किंकाळी.

“आई! आई, दोर मला ओढतोय!”

पिळाने दोर आखडत होता आणि आखडताना ती दगडांची म्हैस, पोरासकट, इंचाइंचाने पुढे सरकत होती. कुणी ढकलत नव्हतं. कुणी ओढत नव्हतं. फक्त पीळ. मुंगळा दोन्ही हातांनी पाटी धरून, डोळे विस्फारून, जमीन मागे जाताना बघत होता.

“कोण ओढतंय गं मला?”

नावाड्याने हात सोडले. एवढं आयुष्य दोर ओढण्यात गेलं, पण दोराला माणूस ओढताना त्यानेही कधी असं टक लावून बघितलं नसावं. “वा रे वा,” तो पुटपुटला. “वा रे वा.”

चाकापाशी पोचून थोरलीने पेरू काढला आणि मग ती वळली. अख्ख्या वाटेवर दोर पडला होता, मनगटाएवढा जाड, एकसारखा, उन्हात चमकणारा. कुठले दोन जुने, कुठला नवा, ओळखू येत नव्हतं. नावाडी वाकला, दोरावर हात फिरवत टोकापासून टोकापर्यंत चालत गेला. परत आला.

“उद्या सकाळी ताणू,” म्हणाला. मग थोरलीकडे न बघता, “म्हण की त्याला, आजी-आजोबा या दोरातच आहेत. लेकरू आहे. पटेल त्याला.”

थोरलीने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

*

सकाळी गाव काठावर लोटलं. पलीकडेही माणसांची रांग उभी होती, ठिपक्यांएवढी. दोर दोन खांबांमध्ये ताणला गेला तेव्हा त्यातून पाणी शिंपडल्यासारखी धूळ उडाली आणि तो पाण्यावर सरळ ताठ झाला. नदी त्याच्याखालून जात राहिली, नदीच्या मापाने. कुणीतरी टाळी वाजवली.

रिकामी नाव पलीकडे गेली. तिथे माणसं चढली. नाव निघाली.

मुंगळा सगळ्यांच्या पुढे, पाण्यात घोट्यापर्यंत उभा. धुतलेला सदरा, चापून बसवलेले केस. नाव मध्यावर आली, चेहरे दिसू लागले. चिमणी बापाच्या पाठीमागे गेली. गवंड्याने थोरलीकडे बघितलं, एक पाऊल पुढे टाकलं, आणि थांबला.

नाव टेकली. शाळेचे गुरुजी उतरले. शेळी घेऊन एक बाई उतरली. टोपलीवाला उतरला. दोन मुलं उड्या मारून उतरली. प्रत्येकाच्या तोंडाकडे मुंगळा वर मान करून बघत होता, आणि प्रत्येकाला वाट देत होता. शेवटी नावाडी उरला. पोर नावेच्या काठावर हात टेकून आत वाकलं. नाव रिकामी होती. तळाला थोडं पाणी होतं.

नावाड्याने तोंड फिरवलं.

मुंगळा आईपाशी आला. रडत नव्हता. हिशोब करत होता.

“पुढच्या खेपेला येतील ना?”

‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. ‘दोरात आहेत’ म्हणणंही सोपं होतं, ते सुंदरही होतं. थोरली चिखलात गुडघे टेकून बसली, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला. त्याचे दोन्ही दंड धरले. तिची पाठ सगळ्या गावाकडे होती.

“नाही,” ती म्हणाली. “पुढच्या खेपेला नाही. कुठल्याच खेपेला नाही. आजी मेली रे. मग आजोबा मेले. आम्ही त्यांना पलीकडे नेलं ते मातीत ठेवायला. दोर झाला तरी ते येणार नव्हते, मला ठाऊक होतं, आणि मला म्हणवत नव्हतं.” त्याचे दंड तिने सोडले नाहीत. “माझी आई मेली, मुंगळ्या. माझे आप्पा मेले.”